जुन्या जीपचा क्रॉस : आवाज ओळखा, नुकसान टाळा

तेल्हाऱ्याहून अकोट, अकोल्याकडे कपड्याच्या गाठी नेणारा जुन्या जीपचा मालक इंजिन पाहतो, खालचा शाफ्ट पाहत नाही. तो वाटेत सुटला तर बाजार तर बुडतोच, शिवाय अनेक जुन्या जीपांचा हँडब्रेक या शाफ्टवरच असल्याने चाकेही धरली जात नाहीत.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. मोटारीच्या या जॉइंटचे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ मध्ये घेतले. जीपच्या क्रॉसच्या चार वाट्यांत बारीक सुया फिरतात.

हळू चालताना चूंचूं आवाज म्हणजे ग्रीस संपले. क्लच सोडताना 'टक्' म्हणजे बहुधा क्रॉस ढिला. पण तोच आवाज डिफरन्शियलचाही असतो. म्हणून चाकांना दगड लावून, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडून शाफ्ट हाताने हलवून पाहावा. वाटीभोवती तांबूस भुकटी दिसली तर सुया गंजल्या. मग ग्रीस व्यर्थ, क्रॉसच बदलावा.

ग्रीस चारही वाट्यांतून बाहेर आले पाहिजे. तीनांतूनच आले तर चौथी कोरडी समजा. दोन पंप मारून पैसे घेणारे मिस्त्री हे पाहत नाहीत! काळ्या मातीच्या चिखलातून गाडी काढल्यावर ग्रीस लगेच भरावे.

शाफ्टचा सरकता भाग काढण्यापूर्वी दोन्हीकडे रंगाची खूण करावी. चुकीच्या दातावर बसला तर नव्या क्रॉसनेही गाडी थरथरते.