परक्या पंक्तींतील पाहुणा

समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो कीं काय, हा प्रश्न महाराष्ट्रांत आतां कोणी विचारीत नाहीं. उन्हाळ्याची सुटी लागली कीं केवळ मुंबई-पुण्याचींच नव्हे, तर सांगली-जळगांवचीं कुटुंबेंही युरोप, जपान, व्हिएतनाम पाहून येतात. व्यापारी मंडळी तर मालाच्या सौद्यासाठीं वर्षांतून दोनचार वेळां चीनची वारी करितात. पाय मोकळे झाले ही आनंदाची गोष्ट आहे. जीभ मात्र अजून उंबरठ्याच्या आंतच बसली आहे. प्रवास घडविणाऱ्या मंडळ्यांच्या जाहिराती पाहाव्या. प्रेक्षणीय स्थळांच्या बरोबरीनें 'रोज आपलें जेवण' हे शब्द त्यांत ठळक टाइपानें छापलेले असतात, आणि गिऱ्हाईक आधीं तेच वाचतें.

वरणभाताची ओढ हा गुन्हा नव्हे. ज्या चवीवर पिंड पोसला ती परक्या मुलखांत आठवणारच. आमची तक्रार निराळी आहे. दहा दिवस परदेशीं राहून, तेथील लोक काय शिजवितात व कां शिजवितात याची विचारपूसही न करितां, हीं मंडळी घरीं परततात आणि ओट्यावर बसून निकाल देतात कीं, "तिकडचे लोक काय वाटेल तें खातात!" प्रतिवादीचा जबाब नाहीं, साक्षीपुरावा नाहीं, आणि निकाल मात्र कायम. असा एकतर्फी हुकूमनामा कोणत्याही वरिष्ठ कोर्टापुढें क्षणभर टिकणार नाहीं.

जबाब ऐकावयाचाच तर प्रथम आइसलंडचा ऐकूं. तेथें 'हाकार्ल' नांवाचा एक पदार्थ आहे. त्याच्या अमोनियासारख्या उग्र दर्पानें नवख्या माणसाच्या डोळ्यांस पाणी येतें. परंतु त्या देशाची स्थिति पाहा. जमीन थंड, धान्य जेमतेम. समुद्र जें देईल त्यावर पोट. त्या समुद्रांतील ग्रीनलंड शार्क हा प्रचंड मासा ताजा खाल्ला तर विषारी. तेव्हां तेथील लोकांनीं त्याचें मांस वाळूखडींत पुरून, वर दगड रचून, 6 ते 12 आठवडे आंबविण्याची, आणि पुढें कित्येक महिने वाऱ्यावर टांगून सुकविण्याची रीत काढली. विषाचें अन्न झालें. ह्यास घाण म्हणावें कीं विद्या?

कंबोडियांत स्कुओन म्हणून गांव आहे. तेथें रस्त्याच्या कडेला तळलेले मोठाले कोळी परातींत रचून विकतात. आमचे प्रवासी त्यांचीं छायाचित्रें काढून आप्तेष्टांस पाठवितात व हंसतात. 1975 ते 1979 या ख्मेर रूज राजवटींत त्या देशावर जी उपासमार कोसळली, तींत हाताला लागेल तो जीव खाऊन लोक जगले, आणि ही संवय तेव्हां पसरली, असें सांगतात. ज्या महाराष्ट्रानें दुष्काळांत रानांतले कंद आणि झाडपाला उकडून खाल्ला, त्यानें तरी त्या परातीकडे पाहून हंसूं नये.

मात्र जबाब ऐकावयाचा तो पुरता ऐकला पाहिजे. अर्धा ऐकल्यानें काय अनर्थ होतो याची साक्ष मक्याच्या इतिहासांत आहे. मेक्सिकोंतील स्त्रिया हजारों वर्षें मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, सालें काढून, मग वाटीत आल्या. कोलंबसाच्या मागोमाग मका युरोपांत गेला. दाणा गेला, पण चुना मागेंच राहिला. रानटी लोकांची रीत ती शिकावयाची कशाला, असाच युरोपियनांचा खाक्या होता. पुढें स्पेन आणि उत्तर इटलींत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांस एक भयंकर रोग जडूं लागला: कातडी सोलवटे, पोट बिघडे, अखेरीस वेड लागून माणूस मरे. इटालियनांनीं त्यास 'पेलाग्रा' हें नांव दिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांतही त्यानें हजारों माणसें मारिलीं. मक्यांतील नायसिन हें जीवनसत्त्व चुन्यावांचून शरीरास लागत नाहीं, आणि त्याच्या अभावीं हा रोग होतो, हें 1937 नंतर निश्चित झालें. मेक्सिकोच्या चुलीपाशीं जी गोष्ट लेकीसुना आईकडून सहज शिकत, ती शिकण्यास युरोपास चार शतकें लागलीं! परक्याचें अन्न उचलून परक्याच्या शहाणपणास नाक मुरडलें, त्याचें हें बिल.

आमच्या शुचिर्भूत वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं हें सर्व ठीक, पण आमच्या पानांत परकें कांहीं नाहीं. तर आषाढी एकादशीचें पान मांडून पाहूं. साबुदाण्याची खिचडी: हल्लींचा साबुदाणा बहुतेक सेलमकडच्या कारखान्यांत टॅपिओकाच्या कंदांपासून होतो, व तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वताचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. हिरवी मिरची मेक्सिकोकडची. शेजारीं उकडलेलें रताळें, तेंही अमेरिकेचेंच. पोर्तुगीज गलबतें या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं यांतील एकही जिन्नस येथें नव्हता. ज्या ज्ञानदेव-नामदेवांच्या नांवानें वारकरी पंढरीस जातो, त्यांनीं हे पदार्थ डोळ्यांनींही पाहिले नव्हते. आणि आम्ही मात्र त्यांवर उपास करितों व तो मोडला नाहीं असें मानितों! आमचा यास मुळींच आक्षेप नाहीं. ज्या पूर्वजांनीं हीं परदेशीं फळेंमुळें सोंवळ्यांत घेतलीं, ते आमच्यापेक्षां धीट होते, एवढेंच.

त्यांच्या नातवंडांनीं मात्र चहाच्या पेल्यावरून रणें माजविलीं. 1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक, गोखले प्रभृति मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापून आलीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन चौकशीस कमिशन बसलें, आणि थोरामोठ्यांस प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं. आज त्याच पुण्यांत चहावांचून कोणाची पहाट उजाडत नाहीं.

ती नांवें बाहेर फोडणारे गोपाळराव जोशी हे डॉ. आनंदीबाईंचे पति. आनंदीबाई 1883 सालीं अमेरिकेस गेल्या, 1886 सालीं डॉक्टर झाल्या, आणि तेथें राहूनही आपला शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं. त्यांचें नांव येथें मुद्दाम घेतों. कारण परक्या पंक्तींत बसणें म्हणजे वाढलेलें सर्व गिळणें, असा आमच्या लिहिण्याचा कोणी विपर्यास करूं नये. ज्याचें व्रत असेल त्यानें तें पाळावें. 'मला हें चालत नाहीं' हें वाक्य सभ्य आहे, 'शी!' हा शब्द सभ्य नाहीं.

दुसऱ्या टोकाला हल्लीं एक नवा वर्ग निघाला आहे. विंचू काडीला टोंचून तोंडाशीं धरावयाचा, छायाचित्र घ्यावयाचें, आणि जग खाल्लें म्हणून मिरवावयाचें. पेकिंगच्या दोंगह्वामेन बाजारांत असे विंचू 2016 सालीं तो बाजार बंद होईपर्यंत विकले जात. त्यांचें गिऱ्हाईक मुख्यतः प्रवासीच. शहरांतला सामान्य माणूस घरीं नूडल्स आणि मोमोसारखे उकडलेले 'ज्याओत्झ' खातो. धाडसाची हौस फाजील वाढली कीं कायदाही आड येतो. जपानांत 'फुगु' माशाचें विष ठाऊक असल्यानें परवान्यावांचून कोणास तो रांधून विकतां येत नाहीं. तरी 1975 सालीं बांदो मित्सुगोरो या विख्यात काबुकी नटानें आग्रहानें त्याचें काळीज मागून खाल्लें व प्राण गमावला. खवले मांजराची गोष्ट तर आमच्या दाराशींच आहे. त्याचें मांस व खवले यांना चीन-व्हिएतनामकडे मागणी असल्यामुळें कोंकणच्या रानांतही त्याची चोरटी शिकार होते. त्या बाजूस जाणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांपुढें यजमानानें मोठ्या मानानें तें पात्र ठेविलें, तर हात जोडून नकार देणें हेंच योग्य; कारण या प्राण्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2017 पासून पूर्ण बंद आहे.

परदेशाची गोष्ट राहूं द्या. आपल्याच देशांतील पंक्तींत आम्ही कसे वागतों? 2007 सालीं दिल्ली पोलिसांनीं ईशान्येकडून शिकावयास आलेल्या मुलांसाठीं सूचनांची पुस्तिका काढली. बांबूचे कोंब, आंबविलेलें सोयाबीन असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांस त्रास होईल असे शिजवूं नका, असा तींत उपदेश होता. राजधानींत आपल्याच नागरिकांस स्वतःच्या चुलीवर काय शिजवावें हें पोलिसांनीं सांगावें! मुंबईंतही सुक्या बोंबलाच्या वासावरून भाडेकरूस जागा नाकारणारे घरमालक आहेत. आणि त्यांतलेच कांहीं स्वित्झर्लंडांत जाऊन चीजच्या दर्पाची तारीफ करून येतात.

ओरिसांतील मयूरभंजचे आदिवासी तांबड्या मुंग्यांची चटणी करितात. झाडावरचें पानांचें घरटें उतरवून पाण्यांत बुडवावयाचें, मुंग्या व अंडीं वेगळीं काढावयाचीं, आणि मीठ, आलें, लसूण, मिरची घालून पाट्यावर वाटावयाचीं, चव आंबट. तिला 2024 सालीं भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंद मिळाली, म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या हापुसाच्या रांगेंत ती कायद्यानें बसली. पुढच्या सुटींत ज्यांना विमानाचें भाडें परवडत नाहीं, त्यांनीं आगगाडीनें तिकडे जावें, आणि चटणी वाटणाऱ्या बाईला तिची रीत विचारावी. चाखावी कीं नाहीं हें मग ज्याचें त्यानें ठरवावें.