आपल्या मुलांनी जीवरसायनशास्त्राकडे वळावे

बारावीचा निकाल लागला, की वस्तीवस्तीत एकच प्रश्न विचारला जातो : मेडिकलला नंबर लागला का? नाही लागला, तर मूल बी.एस्सी.ला जाते आणि घरात सुतक पडल्यासारखे होते. गुणवंतांच्या सत्काराच्या निमित्ताने आम्ही अनेक घरी जातो. बायोकेमिस्ट्री घेतलेल्या मुलीची ओळख वडील 'हिचं थोडक्यात हुकलं' अशी करून देतात आणि मुलगी मान खाली घालते. हा विषय हुकलेल्यांचा नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही बी.कॉम. झालेले, कारकुनी पेशातले; तेव्हा आम्हाला उमगले तसे सांगतो. अन्न पचते, रक्त प्राणवायू वाहून नेते, स्नायू आकसतो. हे सारे रसायनांच्या भाषेत समजून घेणे म्हणजे जीवरसायनशास्त्र. तेच क्ष-किरण, वीज, प्रकाश अशा भौतिकशास्त्राच्या साधनांनी तपासणे म्हणजे जीवभौतिकशास्त्र.

उदाहरण दूरचे नको. विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी बांधवांत आहे, तसा आपल्या बौद्ध समाजातही आहे. सांधे ठणकतात, रक्त कमी होते, मूल पुन्हा पुन्हा दवाखान्यात न्यावे लागते. कारण काय? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एका ओळीत असतात. कीर्दवहीतल्या १४६ नोंदी समजा. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढीच तफावत! पण तिच्यामुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

या रुग्णांचे हिमोग्लोबिनच निराळे आहे, हे अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विजेच्या साहाय्याने दाखवले. नेमकी कोणती नोंद चुकली, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले. तिथेच मॅक्स पेरुट्झ क्ष-किरणांनी हिमोग्लोबिनची रचना उलगडत होते. त्यांना १९६२ चे नोबेल विभागून मिळाले. या तिघांपैकी एकही जण वैद्यकीय डॉक्टर नव्हता, हे त्या वडिलांनी लक्षात घ्यावे.

आई आणि वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, पण लग्नाआधी तपासणी हवीच. पत्रिका जुळवणे आपण केव्हाच सोडले. आता रक्ताचे रिपोर्ट जुळवायला शिकले पाहिजे. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. त्याच वर्षाअखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेतली त्याची किंमत बावीस लाख डॉलर! हा उपचार गरिबाला परवडेल असा कसा करायचा, हा प्रश्न ज्यांच्या घरात हे दुखणे आहे त्यांची मुले प्रयोगशाळेत असतील, तर अधिक नेटाने विचारला जाईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता वाटेविषयी. बी.एस्सी., मग एम.एस्सी. इथे थांबले तरी इस्पितळाची प्रयोगशाळा, औषध कंपनी, न्यायसहायक प्रयोगशाळा यांची दारे ठोठावता येतात. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट. संशोधनासाठी पीएच.डी.; तिला पाच-सहा वर्षे सहज जातात. पुण्याची आयसर, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ही त्यातली नावाजलेली ठिकाणे. जीवभौतिकशास्त्राचा विचार असेल, तर अकरावीत गणित सोडू नये. आयसरच्या प्रवेश परीक्षेतही जीवशास्त्राबरोबर गणिताचे प्रश्न असतात.

खरी अडचण पैशाची आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेजारचा मुलगा बाविसाव्या वर्षी पगार आणतो. आपला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षीही 'शिकतोच आहे'. जे.आर.एफ. मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप वेगळी आहे, बार्टीचीही आहे. मात्र फेलोशिपचा हप्ता महिनोन्‌महिने रखडतो, असेही घडते. तेवढा काळ घराने तग धरला पाहिजे. मुलगी असेल तर स्थळे पाहण्याची घाई आवरली पाहिजे.

कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, आत शिरल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. पण त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. अशा घरच्या मुलीला जिथे झगडावे लागले, तिथे आपल्या मुलीला फॉर्म कोणता भरायचा हे सांगणारा काकाही नसतो. ते काम वस्तीतल्या शिकलेल्यांनी करावे.

फॉर्मवरून आठवले. केंद्रीय संस्थांना जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, तरी आपली मुले राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन जातात आणि ऐनवेळी धावपळ होते. जातवैधता आणि उत्पन्नाचा दाखलाही वेळेत काढावा. निकालाची वाट पाहत बसू नये. मे महिन्यातच तहसील कचेरी गाठावी.