हिरवळीच्या खालची जमीन

संध्याकाळी बॅट उचलून निघालेली मुलं आता ‘मैदानावर जातो’ म्हणत नाहीत, ‘टर्फवर जातो’ म्हणतात. मोकळे प्लॉट इमारतींनी व्यापले आणि तासाच्या भाड्याने मिळणारी, जाळी लावलेली हिरवी मैदानं पुणे-नाशिकपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. मग बंगल्यामागे थोडी जागा असलेल्यांना वाटतं, असं कोर्ट आपल्याच परसात का नको? हौस रास्त आहे. घरातली मुलं घाम गाळून खेळणार असतील तर त्यासाठी केलेला खर्च वाया जात नाही. मात्र बहुतेक जण सुरुवात गवताचा नमुना निवडण्यापासून करतात आणि तिथेच फसतात. गवत अंथरणं हे सगळ्यात शेवटचं काम. कोर्ट टिकणार की उखडणार, हे त्याखालची जमीन आणि पावसाचं पाणी ठरवतं.

कृत्रिम गवत मोठ्या मैदानावर आलं ते अडचणीतून. अमेरिकेत ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेलं स्टेडियम १९६५ मध्ये सुरू झालं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपायचे, म्हणून तावदानं रंगवली. ऊन तुटलं आणि खालचं खरं गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे नायलॉनचं गवत आलं. दहा वर्षांनी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ तिथे सातवा आला. पायाखालचा पृष्ठभाग बदलला की चेंडूचा वेग आणि उसळी बदलते, हे तेव्हा सगळ्या देशाला कळलं.

म्हणूनच परसातही आधी खेळ ठरवावा. फुटबॉलसाठी ४० ते ५० मिलिमीटर उंचीचं गवत लागतं. क्रिकेट किंवा टेनिससाठी १० ते १५ मिलिमीटरचं, दाट विणीचं आणि वाळू भरलेलं गवत बरं, कारण तिथे चेंडू उसळला पाहिजे. जागाही मोजून घ्यावी. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट ४४ बाय २० फुटांचं. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे नुसत्या दोन यष्ट्यांमध्येच ६६ फूट. एवढी लांबी नसेल तर मुलांसाठी आखूड खेळपट्टी आखावी आणि त्यात समाधान मानावं.

आता जमिनीकडे वळू. दख्खनच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट केलेलं काम एक-दोन पावसाळ्यांत वरखाली होतं. म्हणून माती खणून काढावी. मग मुरमाचा थर, त्यावर खडी, त्यावर बारीक कच, आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलरची दबाई. थर एकदम टाकून वरून एकदाच रोलर फिरवला तर आतली पोकळी तशीच राहते आणि पुढे तिथे खड्डा पडतो.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० बाय २० फुटांच्या कोर्टाचं क्षेत्रफळ सुमारे ९३ चौरस मीटर. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. त्याला वाट हवी. शंभराला एक एवढा ढाळ, म्हणजे २० फुटांच्या रुंदीत सुमारे अडीच इंच, घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला द्यावा. कडेने चर काढून तो शोषखड्ड्याला जोडावा. खेळाची जागाही कोरडी राहील आणि पाणी जमिनीत मुरेल.

हे सगळं झालं की गवताची पाळी. दिवाळी ते मे हा कोरडा काळ त्यासाठी चांगला. सगळ्या पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा, जोडाखाली टेप आणि चिकटद्रव नीट बसायला हवं. जोड उकलला की मुलांचा पाय त्यातच अडकतो. पुढे अधूनमधून ब्रश मारणं, पालापाचोळा काढणं आणि पावसाळ्यात शेवाळ धरू न देणं ही कामं घरच्यांनीच करायची.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. खरं गवत पाणी बाहेर टाकून थंड राहतं, प्लास्टिक तापत जातं. भर उन्हात त्याचं तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं. उन्हाळ्यात दुपारी मुलांना तिथे अनवाणी सोडू नये. दुसरी गोष्ट कचऱ्याची. गवतात भरायचे रबराचे दाणे बहुधा जुन्या टायरांचे असतात आणि ते पाण्याबरोबर वाहून जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार अशा प्लास्टिक-रबरी दाण्यांच्या विक्रीवर २०३१ पासून बंदी येणार आहे. घरच्या कोर्टाला नुसती वाळू पुरते, मग रबर हवंच कशाला? गवतही आठ-दहा वर्षांत झिजतं आणि त्याचा पुनर्वापर अवघड असतो.

म्हणून अख्खं परसदार झाकू नका. खेळापुरती जागा घ्या, आंब्या-कडुनिंबाच्या बुंध्याभोवती माती उघडी ठेवा. तीच झाडं कोर्टावर सावली धरतील. शेजाऱ्यांशी दिव्यांबद्दल आणि खेळाच्या वेळांबद्दल आधीच बोला. आणि दुकानात गवताचे नमुने बघायला जाण्याआधी परसात फूटभर खड्डा खणा, पाण्याने भरा आणि ते किती वेळात मुरतं ते पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलंच दिसलं, तर पहिला पैसा निचऱ्यावर खर्च करा.