सगळ्यात जास्त हरलेल्या टीमला पहिला नंबर! ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय, आणि धाराशिवच्या पोरींचा त्यात नंबर का लागला नाही?

एप्रिल महिना आला की आपल्याकडे आयपीएलचा धुरळा उडतो. त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत एक वेगळाच कार्यक्रम रंगतो. मैदान नसतं, बॉल नसतो, तरी लाखो लोक टीव्हीसमोर बसतात. स्टेजवर एक माणूस येतो, कागदावरचं नाव वाचतो आणि कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराचं आयुष्य बदलतं.

हा एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट.

आता तुम्ही म्हणाल, भूम तालुक्यातल्या ईटमध्ये बसून आम्हाला त्याचं काय? तर थांबा. हाच ड्राफ्ट आपल्या मातीतल्या खो-खोमध्ये पण आला आहे. आणि खो-खो म्हणलं की धाराशिव जिल्ह्याचं नाव घ्यावंच लागतं. त्यामुळं हा विषय नीट समजून घेऊ.

लिलाव वेगळा, ड्राफ्ट वेगळा

आयपीएलमध्ये लिलाव होतो. ज्याच्या खिशात पैसा, तो बोली वाढवतो आणि खेळाडू घेऊन जातो.

ड्राफ्टमध्ये बोली नसते, नंबर असतो. गल्लीत क्रिकेट खेळताना दोन कॅप्टन आळीपाळीनं पोरं वाटून घेतात ना, अगदी तसंच. फरक इतकाच की एनएफएलमध्ये कॅप्टनच्या जागी ३२ टीम असतात आणि सात फेऱ्या चालतात.

पहिला नंबर कुणाचा? तर मागच्या हंगामात ज्या टीमची कामगिरी सगळ्यात खराब, तिचा. विजेत्या टीमचा नंबर त्या फेरीत शेवटी. टीम आपापसात नंबरांची अदलाबदलही करतात, पण मूळ नियम हा.

असं का? तर १९३० च्या दशकात श्रीमंत टीम चांगली पोरं उचलायच्या आणि गरीब टीम हरत राहायच्या. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी यावर ड्राफ्टचा तोडगा सुचवला आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. गंमत म्हणजे त्यात सगळ्यात पहिला निवडला गेलेला जे बरवँगर एनएफएलचा एकही सामना खेळला नाही.

गरज बघायची की गुणवत्ता?

ड्राफ्टच्या आधी कित्येक आठवडे एकाच गोष्टीवर चर्चा चालते. कुठल्या टीमला काय कमी आहे आणि कॉलेजात कोण तयार आहे?

समजा एका टीमकडे पास देणारा मुख्य खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, भक्कम आहे, पण बचाव कच्चा आहे. तिचा नंबर आला तेव्हा सगळ्यात चांगला शिल्लक खेळाडू नेमका क्वार्टरबॅकच आहे. मग काय करायचं?

२००५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सवर हीच वेळ आली. त्यांच्याकडे ब्रेट फाव्हर हा दिग्गज क्वार्टरबॅक होता. तरीही २४ व्या नंबरवर त्यांनी आरोन रॉजर्स हा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. पोरगा तीन हंगाम जवळपास बाकावरच बसला. नंतर त्याच रॉजर्सनं २०१० च्या हंगामात टीमला सुपर बोल जिंकून दिला.

धडा असा, की आजची गरज बघून घेतलेला खेळाडू आजपुरता उपयोगी पडतो. गुणवत्ता बघून घेतलेला दहा वर्षं पुरू शकतो. पण तेवढा धीर धरणं प्रत्येक टीमला परवडत नाही.

आणि अंदाज चुकतातच. १९९८ मध्ये पहिल्या नंबरवर पेटन मॅनिंग गेला, दुसऱ्यावर रायन लीफ. दोघांत कोण भारी यावर तेव्हा जोरदार वाद झाला होता. मॅनिंग महान झाला, लीफची कारकीर्द काही वर्षांतच संपली. याउलट टॉम ब्रॅडी २००० मध्ये थेट १९९ व्या नंबरवर निवडला गेला आणि त्यानं सात सुपर बोल जिंकले. म्हणजे त्याच्या आधी १९८ वेळा कुणीतरी दुसऱ्याचं नाव वाचलं होतं!

आता येऊ आपल्या मैदानावर

भारतात ड्राफ्ट अगदी नवा नाही. आपल्या फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगनं २०१४ आणि २०१७ मध्ये भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट मुंबईतच घेतला होता.

२०२२ मध्ये 'अल्टिमेट खो-खो' ही लीग सुरू झाली. सहा टीम, पहिला हंगाम पुण्यात बालेवाडीला. खेळाडू लिलावानं नाही, तर ड्राफ्टनं निवडले गेले. महाराष्ट्राची पोरं जवळपास सगळीकडे दिसली. पुण्याचा प्रतीक वाईकर तेलुगू योद्धाजकडे, सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नई क्विक गन्सकडे.

खो-खोत टीमची गरज म्हणजे काय? पळतीला तीन-तीनची तुकडी उतरते. त्यात एकेरी साखळी खेळणारा हवा, हुलकावणी देणारा हवा, वेळ खाणारा हवा. आक्रमणाला नुसता वेग असून भागत नाही. खांबावर सूर मारून गडी टिपणारा स्पेशालिस्ट लागतो. शिवाय या लीगमध्ये 'वजीर' असतो. त्याला दिशेचं बंधन नाही, कुठल्याही बाजूला वळता येतं. म्हणजे डोकं आणि पाय दोन्ही चालणारा गडी शोधा.

सूर मारणाऱ्याची किंमत पहिल्याच फायनलला कळली. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. शेवटच्या काही सेकंदांत ओडिशाच्या सूरज लांडेनं सूर मारून गडी टिपला आणि ओडिशानं ४६-४५ अशी फायनल जिंकली. एका सुराला ट्रॉफी!

मग धाराशिव कुठं आहे?

खरा मुद्दा इथं येतो.

धाराशिवची सारिका काळे. २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कॅप्टन होती आणि भारतानं सोनं जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. महिलांच्या फायनलला भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. कॅप्टन महाराष्ट्राची प्रियांका इंगळे आणि टीममध्ये धाराशिवची अश्विनी शिंदे.

म्हणजे खो-खोत जिल्ह्याचं नाव जगात नेलं ते पोरींनी.

पण अल्टिमेट खो-खोचे २०२२ आणि २०२३-२४ असे दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले. सहा टीम बसल्या, नावं वाचली गेली, करार झाले. देशातल्या सगळ्यात भारी महिला खेळाडूंचं नाव मात्र त्या यादीत येणं शक्यच नव्हतं. १९९ वा नंबर लागला तर निदान रांगेत उभं असल्याचं समाधान असतं. इथं रांगच नव्हती.

याचा फरक काय पडतो?

खेड्यातली पोरगी शाळेत खो-खो खेळायला लागते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा. पुढं काय? दहावी-बारावीला सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. सारिका काळेसुद्धा तालुका क्रीडा अधिकारी झाली. आपल्याकडे खेळाडूचा खरा ड्राफ्ट हाच, नोकरीच्या यादीत नाव लागणं.

ते वाईट नाही. पण नोकरी लागेपर्यंत घरचे थांबतील याची खात्री नसते. लीगचा करार हातात असेल तर 'अजून दोन वर्षं खेळू दे' हे घरात ठामपणे सांगता येतं.

हे होऊ शकतं याचा पुरावा क्रिकेटमध्ये आहे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. त्या दिवसापासून पोरीला बॅट घेऊन देताना बापाला वेगळं कारण सांगावं लागत नाही.

ड्राफ्टची मूळ कल्पना साधी होती, मागं राहिलेल्याला आधी संधी द्या. खो-खोत मागं कोण राहिलंय, हे वेगळं सांगायला नको. उद्या महिलांचा ड्राफ्ट झालाच, तर टीमच्या स्काउटनं गाडी थेट धाराशिवच्या मैदानाकडं वळवावी. पोरी तयार आहेत, नाव वाचणारा पाहिजे.