कामगार कायदे बदलले. भिवंडीच्या मालकांनी काय पाहावे?

भिवंडीत कापडाच्या पेढीवर किंवा यंत्रमागाच्या कारखान्यात चार माणसे कामाला ठेवणाऱ्या मालकालाही आज कामगार कायद्याची माहिती असावी लागते. आपल्याकडे ही माहिती बहुधा चहाच्या टपरीवर मिळते. ‘आता लायसन्स लागत नाही’, ‘आता बारा तास चालतात’ अशी वाक्ये एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात जातात. ती अर्धी खरी असतात, म्हणूनच नुकसान करतात.

पहिले वाक्य गुमास्त्याविषयी. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखाली मिळणारा हा परवाना आपण फ्रेम करून गल्ल्यामागे लावत आलो. १९ डिसेंबर २०१७ पासून त्याच्या जागी महाराष्ट्राचा नवा कायदा आला. दहापेक्षा कमी नोकर असतील तर नोंदणी नको, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यावी, एवढेच त्यात ठेवले. यावरून ‘छोट्या पेढीला कायदाच नाही’ असा समज पसरला. तो साफ चुकीचा आहे. सूट नोंदणीची होती, पगाराची नव्हती. किमान वेतन एका नोकरालाही द्यावे लागते. त्यातील विशेष भत्ता राज्याचे कामगार खाते दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून, नव्याने ठरवते. म्हणजे गेल्या वर्षी बरोबर असलेला पगार यंदा कमी ठरू शकतो. मीटरप्रमाणे मजुरी घेणाऱ्या कारीगरालाही हेच लागू आहे. त्याच्या तासांचा हिशोब किमान वेतनाखाली जाता कामा नये.

छोट्यांसाठी सैल सोडलेली एक गोष्ट २०२२ मध्ये पुन्हा आवळली गेली. ती म्हणजे मराठी पाटी. आता एक नोकर असो वा शंभर, दुकानाच्या पाटीवर मराठी आधी हवी आणि तिची अक्षरे दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. उर्दू लिहायला मनाई नाही. आमच्या बाजारात काहींनी घाबरून जुन्या उर्दू पाट्या उतरवल्या, त्याची गरज नव्हती.

आता बारा तासांची गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्यास आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. दुकानांसाठी रोजचे तास ९ वरून १० झाले आणि कायद्याचा आकडा १० वरून २० नोकरांवर नेण्याचे ठरले. आपल्या गावात माग पूर्वीपासून बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. त्यामुळे अनेक मालकांना वाटले की आपले जुने वेळापत्रकच कायदेशीर झाले.

हिशोब करून पाहा. रोज १२ तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे ७२ तास. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे. म्हणजे दर आठवड्याला २४ तास जादा, १३ आठवड्यांत ३१२. मर्यादा १४४. शिवाय प्रत्येक जादा तासाला दुप्पट मजुरी आणि कामगाराची लेखी संमती. ही सवलत सणासुदीच्या ऑर्डरसाठी चार-सहा आठवडे उपयोगी पडेल. बारमाही बारा तासांच्या पाळीला तिचा आधार नाही.

मंत्रिमंडळाचा निर्णय वर्तमानपत्रात आला म्हणजे कायदा लागू झाला असेही नव्हे. राजपत्रात कोणती तारीख छापली आहे ते पाहावे लागते. केंद्राच्या चार कामगार संहितांचे उदाहरण घ्या. वेतन संहिता २०१९ मध्ये आणि बाकीच्या तीन २०२० मध्ये संसदेत मंजूर झाल्या. तेव्हा बाजारात मोठी धावपळ झाली. पुढे पाच वर्षे काहीच लागू झाले नाही, लोकांनी विषय सोडून दिला आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या अमलात आल्या. २९ जुने केंद्रीय कायदे त्यात सामावले. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे केंद्राचे आणि राज्याचे असे दोन्ही बदल पाहावे लागतात. दुकानांचा कायदा आणि १९६९ चा माथाडी कायदा राज्याचेच आहेत. गोदामात हमाल लावणाऱ्यांनी दुसरा विसरू नये.

संहितांमधील दोन गोष्टी भिवंडीला विशेष लागतील. कारीगर काम सोडून गेला किंवा त्याला काढले, तर त्याची मजुरी दोन कामकाजाच्या दिवसांत चुकती करायची. आपल्याकडे ‘गावाहून परत ये, मग हिशोब करू’ ही रीत आहे. गोरखपूरची गाडी पकडणाऱ्या माणसाला थांबवून ठेवण्याचा तो एक मार्गच झाला होता. तो आता चालणार नाही. दुसरे म्हणजे उचल. ती कापता येते, पण एका पगारातील सर्व कपाती मिळून निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे प्रत्येकाला नेमणूकपत्रही द्यायचे आहे.

आकड्यांबाबत एक इशारा. कल्याण निधी ५ नोकरांपासून, ग्रॅच्युइटी १० पासून, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस २० पासून. म्हणून चोवीस माग तीन भावांच्या नावावर आठ-आठ लावले जातात. छप्पर एक, मुकादम एक, पैसा एकाच गल्ल्यातून. अशा प्रकरणांत न्यायालये नावे पाहत नाहीत, कारभार पाहतात. मग मागच्या वर्षांची वर्गणी व्याज-दंडासह एकदम भरावी लागते. एवढ्या रकमेत छोटा कारखाना बसतो.

हजेरी, मजुरी आणि उचल यांची एक वही ठेवावी आणि प्रत्येक पगाराला त्यावर कारीगराची सही किंवा अंगठा घ्यावा. उचल तोंडी दिली आणि कारीगर कामगार न्यायालयात गेला, तर ती दिली होती हे मालकालाच सिद्ध करावे लागते.