मुका संगणक

गेल्या वैशाखांत छत्रपती संभाजीनगरांतील औरंगपुऱ्याच्या आमच्या घरीं संगणक मुका झाला. पंखा फिरे, पडदा मात्र काळा! दुरुस्तीवाल्यानें मदरबोर्ड गेल्याचा निर्णय दिला. आंत दिवंगत वडील बंधूंनीं जमविलेली कुलाची वंशावळ. वहिनींचा चेहरा उतरला. ती हार्डडिस्कवर असते, मदरबोर्डवर नव्हे, असें त्यांस सांगून आम्हीं नैयायिकांच्या अन्वयव्यतिरेकाचा आश्रय केला. वीज तोडून, पेटीच्या धातूस हात लावून पुतण्यानें रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. वीज देतांच यंत्र शिट्या देऊं लागलें. ओरडतें तें मेलेलें कसें म्हणावें? मग एकेक पट्टी बसविली. एक असतां पडदा उजळे, दुसरी असतां काळाच. दुसरीच्या सोनेरी कडा खोडरबरानें पुसल्या (आमच्याकडील उन्हाळ्याचा धुरळा!), आणि तीही चालली. वहिनींनीं त्याच सायंकाळीं वंशावळ कागदावर छापून घेतली.