संकष्टीचा चंद्र जरा उशिरा उगवू दे!

‘आज नको, उद्या बघू.’ दिवसातून किती वेळा म्हणतो आपण हे? जिम, डाएट, जुन्या मित्राला फोन... सगळं उद्यावर. पण बॉस, काही पाहुणे उद्यापर्यंत थांबत नाहीत!

गोष्ट ऑक्टोबर 2024 ची. त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू 27 सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून निघाला आणि 12 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दसऱ्याला, पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरवर आला. संध्याकाळी पश्चिमेला साध्या डोळ्यांनी दिसत होता म्हणे. आणि मी? प्रोजेक्टचं रिलीज! ऑफिसातून बाहेर पडायला रोज नऊ, तोवर पाहुणे मावळलेले. रिलीज संपलं तर कोजागिरी. मसाला दुधात चंद्र मस्त दिसतो, पण त्याच्या उजेडात धूमकेतूची शेपटी पार धुऊन निघते.

घरी चिडचिड केली, तर बाबा शांतपणे म्हणाले, ‘1986 ला हॅले आला होता. माझी रात्रपाळी. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. राहूनच गेलं.’

हॅले पुन्हा येणार 2061 मध्ये. बाबा आज अडुसष्टचे. पुढचं गणित मी मनातच ठेवलं.

उपाय सापडला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. 20 ऑक्टोबर, रविवार, संकष्टी! चंद्रोदय साडेआठच्या सुमारास. नीट अंधार पडणार सव्वासातनंतर. म्हणजे हातात जेमतेम तास-सव्वातास. आई उपाशीपोटी चंद्राची वाट बघणार आणि आम्ही ‘जरा उशिरा उगव रे बाबा’ म्हणणार!

बाबांना घेऊन नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे गेलो. शहराचा झगमगाट पाठीमागे, समोर पश्चिम. खाली ठळक शुक्र. त्याच्या बऱ्याच वर, थोडं उजवीकडे शोधायचं होतं. ट्रायपॉड लावला. 50 एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर 2, आयएसओ 1600, एक्स्पोजर सहा सेकंद. जास्त ठेवलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ऑटोफोकस बंद करून फोकस शुक्रावर जुळवला. बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

पहिल्या फोटोत नुसता ढग! दुसऱ्यातही तेच. पावणेआठला ढग सरकला आणि स्क्रीनवर चक्क शेपटी उमटली. सूर्याच्या उष्णतेने धूमकेतूतला बर्फ वायू होऊन उडतो, सोबत धूळ नेतो, त्याची ती शेपटी. मी ओरडलोच, ‘बाबा, हे बघा!’

त्यांनी कॅमेरा बाजूला केला. ‘फोटो घरी बघू. आकाशात कुठे आहे ते दाखव.’

डोळ्यांना तो फारच पुसट दिसत होता. मी म्हटलं, ‘थेट बघू नका, किंचित बाजूला नजर ठेवा.’ अंधुक उजेड डोळ्याला कडेनेच जास्त चांगला कळतो. बाबा बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, ‘दिसला. फळ्यावर खडू पुसल्यासारखा.’

साडेआठनंतर पूर्वेकडे उजळायला लागलं. आईचा फोन, ‘चंद्र आला, नैवेद्य दाखवते. या लवकर, मोदक थांबलेत.’

फोटो तसा साधाच आलाय, जरा हललेलाही. बाबांनी मात्र तो फ्रेम करून घेतला. पुढच्या वेळी धूमकेतूची बातमी वाचलीत, तर आधी कॅलेंडरात चंद्रोदय बघा, मग ऑफिसात हाफ डे टाका. आणि हो, ज्यांचं बघायचं राहून गेलंय, त्यांना सोबत न्यायला विसरू नका.